हिरडी सुजली की आधी आरशात बघा, मग ब्रश उचला

गेली सोळा वर्षं मी दातांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. हिरड्या सुजल्या म्हणून येणाऱ्या माणसांकडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याची सुरुवात झाली तरी पुढचं मला कळतं : “रक्त यायला लागलं, म्हणून मी त्या बाजूला ब्रश लावणंच सोडून दिलं.” असं वाटणं साहजिक आहे. गुडघा खरचटला तर आपण तिथे हात लावत नाही, खपली धरू देतो. सुजलेल्या हिरडीला मात्र हा न्याय लावला की घात होतो. ती बहुतेक वेळा सुजते तीच मुळी दाताच्या कडेला घाण साचून राहिल्यामुळे. ब्रश थांबला की घाण वाढते, सूज चढते, रक्त अजून सहज येतं आणि माणूस अजूनच घाबरतो. महिन्याभराने माझ्याकडे येईपर्यंत दोन दातांपुरती असलेली सूज अख्ख्या जबड्याला पसरलेली असते. मला फार वाईट वाटतं, कारण पहिल्या आठवड्यात हे घरच्या घरी आवरता आलं असतं.

तर आधी चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा. ओठ बोटाने वर ओढा, मग खाली ओढा, मग गाल बाजूला करून दाढांकडे बघा. मोबाईलचा दिवा लावून दुसऱ्या कुणाला बघायला सांगितलं तर अजून बरं. निरोगी हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते, तिची कड पातळ असते आणि दोन दातांच्या मधला तिचा त्रिकोणी शेंडा टोकदार असतो. पुष्कळांच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगेही दिसतात. सुजलेली हिरडी तकतकीत दिसते, तिची कड जाड आणि गोलसर होते, शेंडा फुगून गोळीसारखा वर येतो. रंगावर फार भिस्त ठेवू नका. अनेकांच्या हिरड्या जन्मतःच तपकिरी किंवा काळसर असतात, तो आजार नव्हे, आणि अशा हिरडीवर सुजेची लाली चटकन लक्षात येत नाही. तिथे तकाकी आणि कडेचा आकार बघायचा.

बघताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : सूज सगळीकडे थोडी थोडी आहे, की एकाच जागी गाठीसारखी आहे? खुर्चीत बसलेल्या माणसाला मीही पहिला प्रश्न हाच विचारते. दोन्हींची कारणं वेगळी आणि वाटाही वेगळ्या.

सगळीकडे सूज असेल तर

दहातल्या नऊ वेळा यामागे प्लाक असतो. प्लाक म्हणजे दातावर जमणारा जंतूंचा चिकट, पांढरट थर. दात घासून काही तास गेले की तो पुन्हा धरायला लागतो. नखाने दाताच्या मुळाशी खरवडलं तर जो मऊ लगदा निघतो, तोच हा. चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. आपल्या तोंडात तो नेमका कुठे राहतो हे बघायचं असेल, तर प्लाक रंगवणाऱ्या चघळायच्या गोळ्या मिळतात. घासून झाल्यावर एक चघळली की राहिलेल्या जागा गडद रंगतात. आपण स्वच्छ घासतो अशी खात्री असलेली माणसंसुद्धा तो रंग बघून गप्प होतात.

प्लाकनेच हिरडी सुजते हे 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साध्या प्रयोगातून दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. मी हा प्रयोग जवळजवळ प्रत्येकाला सांगते, कारण त्यात धीर देणारी गोष्ट आहे : या टप्प्यावरची सूज पूर्णपणे मागे फिरते.

घासायचं राहून गेलेल्या जागी लाळेतले क्षार प्लाकमध्ये बसतात आणि त्याचं किटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वांत जास्त सापडतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तसंच. किटण एकदा दगडासारखं झालं की कुठल्याही ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडेच काढावं लागतं. पिन किंवा सुईने ते घरी खरवडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात हिरडी फाटते आणि आत ढकललेले जंतू मागे राहतात. कृपा करून ते करू नका.

घासायचं कसं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा खेळ इथलाच आहे.

ब्रश मऊ घ्या. कडक ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात हा समज चुकीचा आहे. त्याने हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं आणि दात शिवशिवायला लागतो. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ब्रश मुठीत धरू नका, पेन धरतो तसा बोटांत धरा, म्हणजे आपोआप जोर कमी पडतो.

आता ब्रशचे केस दातावर नको, दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेघेवर टेका, अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर. ब्रश 45 अंशांत तिरका धरायचा, केसांची टोकं हिरडीकडे : वरच्या दातांना वर, खालच्या दातांना खाली. मग जागेवरच अगदी बारीक थरथर, पुढे मागे, दहा-बारा वेळा. केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित शिरल्याची जाणीव व्हायला हवी. मग मनगट वळवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घ्या आणि पुढच्या दोन दातांवर जा. ही पद्धत अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाते. इतक्या वर्षांत हिरडीच्या कडेसाठी याहून सोपं आणि चांगलं तंत्र मला शिकवता आलेलं नाही.

पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा मावत नाही, तिथे तो उभा धरा. शेवटच्या दाढेच्या मागे पोहोचण्यासाठी तोंड थोडं मिटा. तोंड मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रश आत जात नाही. एवढं साधं कुणी सांगितलेलं नसतं म्हणून वर्षानुवर्षं तीच जागा राहते. सगळं मिळून दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

एवढं करूनही दोन दातांच्या मधली जागा राहतेच, आणि हिरडीची सूज तिथूनच सुरू होते. दात चिकटून असतील तर फ्लॉसचा दोरा वापरा. फटीत करवतीसारखा हळू सरकवा, झटक्याने खाली आपटू नका, मग एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर-खाली घासा, मग दुसऱ्या दाताला. फटी थोड्या मोठ्या असतील तर दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश कितीतरी सोयीचा. जोर न लावता, पण किंचित अडत जाईल असा आकार निवडा. वेगवेगळ्या फटींना वेगवेगळा आकार लागू शकतो. लाकडी काडी मात्र टाळा, ती शेंड्याला टोचून टोचून बोथट करते.

पहिले चार-पाच दिवस रक्त येईल. पेस्टचा फेस गुलाबी होईल. थांबू नका, हात हलका ठेवा आणि त्याच जागेवर जास्त वेळ द्या. सात ते दहा दिवसांत रक्त कमी होताना दिसायला हवं. दोन आठवडे नीट घासूनही येतच राहिलं, तर कडेखाली किटण आहे किंवा कारण दुसरं आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जा.

तंबाखू ओढणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून त्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं. आतून हाड झिजत असतं आणि वरून सगळं ठीक दिसतं. तुम्ही ओढत असाल तर रक्त येत नाही यावर विसंबू नका, दरवर्षी तपासून घ्या.

शरीरातली इतर कारणं

गरोदरपणाबद्दल मी अनुभवाने सांगू शकते. चौथ्या महिन्यात एका सकाळी चूळ भरली आणि पाण्यात लाल रेघ दिसली. दात घासण्यात माझा हात चुकत नव्हता. पण त्या काळात वाढलेल्या संप्रेरकांमुळे हिरडी थोड्याशा प्लाकलाही मोठा प्रतिसाद देते. वरच्या दोन दातांच्या मधला शेंडा लालबुंद होऊन वाटाण्याएवढा वाढला, ब्रश लागला की भळकन रक्त यायचं. अशी गाठ गरोदरपणात येते आणि ती कर्करोगाची नसते, हे मी इतरांना सांगत आले होते, तरी स्वतःच्या तोंडात बघून पोटात गोळा आलाच. मी सहकाऱ्याकडून हलकं स्केलिंग, म्हणजे किटण काढण्याची सफाई, करून घेतलं, दिवसातून दोनदा त्या फटीत बारीक ब्रश फिरवला, आणि बाळंतपणानंतर दोनेक महिन्यांत ती गाठ आक्रसून गेली. गरोदर बायकांना मी आवर्जून सांगते : दातांचे उपचार या काळात चालतात, मधले तीन महिने त्यासाठी सर्वांत सोयीचे. बाळ होईपर्यंत सहन करत बसू नका.

वयात येणाऱ्या मुला-मुलींच्या हिरड्याही याच कारणाने सुजतात. त्यात दातांना तारा लावलेल्या असतील तर ब्रश अडकतो आणि सूज दुप्पट दिसते. तोंडाने श्वास घेणाऱ्यांच्या वरच्या पुढच्याच हिरड्या कोरड्या पडून फुगतात. तिथे नाकाचा इलाज आधी.

काही औषधांनी हिरडी अक्षरशः वाढते, दातांवर चढते. अपस्मारावरचं फेनिटॉइन, अवयव बदलल्यावर देतात ते सायक्लोस्पोरिन, आणि रक्तदाबावरची निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधं. यातलं काही तुम्ही घेत असाल तर दातांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा, पण गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याशी बोलून बदलता येते, आणि प्लाक काटेकोरपणे काढला तर वाढ बरीच आटोक्यात राहते.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर चढलेली असली की हिरडीतला जंतुसंसर्ग हटत नाही, आणि हिरडीतली सूज साखर आवरू देत नाही. हिरड्यांवर पुन्हा पुन्हा गळवं येत असतील तर मी रक्तातली साखर तपासायला सांगते, आणि आपल्याला मधुमेह आहे हे काहींना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हिरड्या सुजून मऊ पडतात हे खरं आहे. 1747 मध्ये ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी याच कमतरतेच्या आजाराने, म्हणजे स्कर्व्हीने, पछाडलेल्या जहाजावरच्या 12 खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबं मिळालेले दोघं भराभर सुधारले. पण रोज थोडी फळं-भाज्या खाणाऱ्या माणसात इतकी कमतरता सहसा होत नाही. आणि या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चघळून किटण जात नाही.

एकाच जागी गाठ असेल तर

आधी काही अडकलं आहे का बघा. दाण्याचं साल, बी, ब्रशचा तुटलेला केस हिरडीच्या कडेखाली शिरला की दोन दिवसांत तिथे टणक, ठणकणारी सूज येते. फ्लॉस हळू फिरवून तो निघाला तर उद्यापर्यंत आराम पडतो.

हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते, तोंडात खारट-कडू पू येतो, मग दुखणं थांबतं आणि काही दिवसांनी पुन्हा भरते. हे बहुधा किडलेल्या दाताच्या मुळाशी झालेलं गळू असतं, किंवा हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल फटीत झालेलं. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं मानू नका. पुवाला वाट मिळाली म्हणून ताण गेला, मूळ जागेवरच आहे. मुळातलं असेल तर रूट कॅनाल किंवा दात काढणं, फटीतलं असेल तर ती फट साफ करणं, हाच उपाय. नुसत्या अँटिबायोटिकने सूज उतरते आणि परत येते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांनी वर्षभरात त्याच दातासाठी चार वेळा जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या घेतल्या होत्या. एक्स-रे काढला तेव्हा मुळाभोवतीचं हाड खाऊन गेलं होतं आणि दात वाचवता आला नाही.

सर्वांत मागे, जबड्याच्या टोकाला सूज आणि तोंड उघडायला त्रास, वय सतरा ते पंचवीसच्या आसपास : ही अक्कलदाढ. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं आणि त्याखाली अन्न अडकतं. मिठाच्या पाण्याने तेवढ्यापुरता आराम पडतो. दोन-तीनदा असं झालं तर एक्स-रे काढून दाढेचं काय करायचं ते ठरवून टाका.

कवळी बोचणारी असेल, किंवा कॅपची कड हिरडीत रुतत असेल, तर तेवढ्याच जागी सूज राहते. ती नीट करून घ्यावी लागते, दुसरा मार्ग नाही.

आजची रात्र काढायची असेल तर

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला, घोट तोंडात अर्धा मिनिट घोळवून थुंका, दिवसातून तीन-चार वेळा. गालावरून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. गळू असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच. गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका. अ‍ॅस्पिरिन तशी ठेवली की हिरडी पांढरी पडून भाजते, आणि मग मला दोन जखमा बघाव्या लागतात. लवंगेचं तेल थेट ओतलं तरी तसंच.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश सूज उतरवायला चांगलं आहे, पण ते कामापुरतंच, साधारण दोन आठवडे. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. पेस्टने घासल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधल्या फेसाळ द्रव्याने त्याचा गुण कमी होतो.

डॉक्टरांकडे काय होतं

आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडीच्या कडेखाली हलकेच सरकवून खोली मोजतो. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 आणि वर गेलं की लक्ष द्यावं लागतं, आणि हाड उतरलं आहे का ते एक्स-रेवर बघतो. हाड उतरलं असेल तर तोच लोकांच्या बोलण्यातला पायोरिया. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही, पण आहे तिथे थांबवता येतं. त्यासाठी जागा बधिर करून मुळांवरचं किटण खोलवर काढतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात.

स्केलिंगने दात हलायला लागतात, फटी पडतात, अशी भीती फार आहे. फटी किटणाने भरलेल्या होत्या. ते निघालं आणि सूज उतरली की जागा मोकळी दिसते. हलणारा दात आधीच हाडातून सैल झालेला असतो, किटणाने त्याला धरून ठेवलेलं असतं. काही दिवस थंड पाणी लागलं की दात शिवशिवतात, ते हळूहळू कमी होतं.

थांबायचं नाही, लगेच निघायचं

सूज गालावर, डोळ्याखाली किंवा जबड्याखाली उतरली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, जीभ वर ढकलल्यासारखी वाटली, तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. हा संसर्ग मानेत उतरून श्वास अडवू शकतो.

हिरड्या भराभर फुगत आहेत, कारण नसताना रक्त येतं, अंगावर निळे डाग उठतात, खूप थकवा आणि सारखा ताप आहे, तर रक्ताची साधी तपासणी त्याच दिवशी करून घ्या. रक्ताचा कर्करोग कधी कधी पहिल्यांदा हिरडीत दिसतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न उतरणारी गाठही तपासूनच घ्यायची.

लहान मुलाला ताप, लाल सुजलेल्या हिरड्या आणि तोंडभर बारीक फोड असतील तर तो बहुधा विषाणू असतो आणि आठ-दहा दिवसांत जातो. पण मूल दुखण्याने पाणी पीत नाही आणि अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा चमच्या-चमच्याने थंड पाणी पाजत राहा आणि लघवी कमी झाली तर लगेच दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी सोबत घ्या, सूज कधीपासून आहे ते लिहून ठेवा, आणि पहिल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुष्कळदा वेळ मिळेपर्यंत सूज उतरते. मग ती गाठ नेमक्या कुठल्या दातावर होती हे फोटोवरूनच मला कळतं.